हाड जुळते, धसका उरतो

घरातले वडीलधारे माणूस पडले, की आपल्याकडे फोनाफोनी सुरू होते. लेक मुंबईहून फोन करते, धाकटा भाऊ नाशिकहून करतो, समोरच्या ब्लॉकमधल्या वहिनी तर चप्पल न घालताच धावत येतात. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, ‘‘मोडलंबिडलं नाही ना काही?’’ एक्स-रे स्वच्छ आला, नुसताच मुका मार आहे असे कळले, की सारे घर सुटकेचा निःश्वास टाकते. ‘‘थोडक्यात निभावलं’’ म्हणून देवापुढे साखर ठेवली जाते. मलम येते, शेकायची पिशवी येते, चार दिवस भेटायला येणाऱ्यांची वर्दळ राहते आणि प्रकरण मिटले असे सगळे मानतात.

माझे म्हणणे असे, की पुष्कळदा प्रकरण तिथूनच सुरू होते.

महिन्याभराने त्याच घरी जाऊन पाहावे. रोज सकाळी देवळापर्यंत जाणारे आजोबा आता गॅलरीतूनच कळसाला हात जोडतात. मंडईत जाऊन भेंडीचे टोक मोडून पाहिल्याशिवाय भाजी न घेणाऱ्या आजी ‘‘आता तुम्हीच आणत जा’’ म्हणतात. अंगावरची सूज उतरलेली असते, चालण्यात म्हणण्यासारखा दोष नसतो. कारण विचारले तर ‘‘ऊन फार आहे’’, ‘‘कंटाळा आला’’, ‘‘आता काय राहिलंय बाहेर?’’ अशी उत्तरे मिळतात. खरे उत्तर एका शब्दाचे असते आणि तो शब्द घरात कोणी उच्चारत नाही. त्यांनी पडण्याचा धसका घेतलेला असतो.

मराठीत भीती आणि धसका यांत फरक आहे. भीती समोर असलेल्या गोष्टीची वाटते. ती गोष्ट दूर झाली, की भीतीही ओसरते. धसका मात्र गोष्ट घडून गेल्यावर मनात मुक्काम करतो. आपण भीती ‘वाटली’ म्हणतो, पण धसका ‘घेतला’ म्हणतो. दिवस उलटतात तसा तो कमी होईलच असे नाही. उलट बसून बसून तो वाढतो.

वैद्यकशास्त्राने या धसक्याची दखल तशी उशिराच घेतली. मर्फी आणि आयझॅक्स या दोन संशोधकांनी १९८२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. पडल्यामुळे रुग्णालयात दाखल झालेले ३६ वृद्ध त्यांनी पाहिले. त्यांतल्या अनेकांना उभे केले, की ते घाबरत, दिसेल ती वस्तू घट्ट पकडू पाहत, आणि त्यांची पावले अडखळत. या अवस्थेला त्यांनी ‘पोस्ट-फॉल सिंड्रोम’ असे नाव दिले. पुढे १९९० मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या डॉ. मेरी टिनेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही भीती मोजण्याची एक साधी प्रश्नावली तयार केली. तिच्यात दहा कामे होती. आंघोळ करणे, कपडे घालणे, खुर्चीतून उठणे, कपाटातली वस्तू काढणे, साधा स्वयंपाक करणे, अशी ही कामे. ‘‘तुम्हाला भीती वाटते का?’’ असा सरळ प्रश्न त्यांनी टाळला. ‘‘न पडता हे काम कराल असा तुम्हाला किती भरवसा आहे?’’ असे विचारले. ही युक्ती मला फार शहाणपणाची वाटते. आपल्याकडच्या एखाद्या निवृत्त हेडमास्तरांना ‘‘भीती वाटते का हो?’’ असे विचारून पाहा. ‘‘छे, मला कसली भीती?’’ असेच उत्तर येईल. ‘पडले तरी नाक वर’ ही म्हण आपण दुसऱ्याची टिंगल करायला वापरतो, पण म्हातारपणी प्रत्येकाला त्या नाकाचा थोडा आधार लागतो.

हा काही चार-दोन घरांचा प्रश्न नाही. पासष्टी ओलांडलेल्यांपैकी सुमारे २८ ते ३५ टक्के लोक दर वर्षी एकदा तरी पडतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने म्हटले आहे. पडण्यामुळे जगात दर वर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे दगावतात. अपघाती इजांमध्ये रस्त्यावरच्या अपघातांच्या खालोखाल पडण्याचाच क्रमांक लागतो. आपल्या देशात २०११ च्या जनगणनेतच साठीच्या पुढची माणसे १० कोटी ३८ लाखांच्या घरात होती. मी स्वतः त्या रांगेत आता उभा आहे. या आकड्यांत हाडे मोजली जातात, मृत्यू मोजले जातात. देवळाची बंद झालेली फेरी कुठल्याच तक्त्यात येत नाही.

हा धसका शरीरावर कसा काम करतो तेही समजून घेतले पाहिजे. चालणे ही एरवी न कळत होणारी क्रिया आहे. पायरी उतरताना आपण गुडघा किती वाकवायचा याचा हिशेब करीत नाही. घाबरलेला माणूस मात्र तो हिशेब करू लागतो. तो अंग ताठ धरतो, पावले आखूड टाकतो, नजर पुढच्या रस्त्यावरून काढून पायाशी आणतो. त्यामुळे दोन हातांवरचा खड्डा उशिरा दिसतो आणि ताठरलेल्या अंगाला तोल सावरता येत नाही. हे झाले त्या क्षणापुरते. दुसरीकडे, चालणे कमी झाले की मांड्यांतली ताकद कमी होते, ताकद गेली की तोल जातो, आणि मग माणूस खरोखरच पुन्हा पडतो. ‘‘बघ, मी म्हणत नव्हतो?’’ असे त्याला वाटते. ज्या पडण्याला घाबरून तो घरात बसला, ते पडणे त्या बसण्यानेच ओढवलेले असते.

याचा एक चांगला पुरावा सिडनीतल्या संशोधकांनी २०१० मध्ये मांडला. त्यांनी सत्तर ते नव्वद वर्षांच्या ५०० माणसांची दोन मापे घेतली. एक, शरीराच्या दृष्टीने पडण्याचा धोका किती. आणि दुसरे, त्या माणसाला स्वतःला तो किती वाटतो. साधारण एक तृतीयांश लोकांची ही दोन मापे जुळली नाहीत. काहींचे शरीर ठीक होते, पण मन धास्तावलेले होते; अशांमध्ये मनाने उदास असणारे अधिक होते आणि पडण्याचे प्रमाणही वाढलेले होते. काहींचा शारीरिक धोका मोठा होता, पण त्यांनी मनावर घेतले नव्हते. ही माणसे चालती-फिरती होती, चार लोकांत मिसळत होती, आणि धोक्याच्या मानाने कमी पडत होती. याचा अर्थ बेफिकीर राहावे असा नाही. मनाचे वजन पायांवर पडते, एवढाच त्याचा अर्थ.

माझी नोकरी बँकेतली. पस्तीस वर्षांत मी माणसांचे म्हातारपण काउंटरच्या पलीकडून पाहिले. पेन्शनर मंडळी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येत. पासबुक भरून घेणे हे निमित्त. खरे काम असे ते धोतराचा सोगा सावरून बाकावर बसणे, ओळखीच्या माणसाला हटकणे, व्याजदर उतरले म्हणून सरकारला चार शब्द सुनावणे. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला तर जत्राच लोटे. ‘‘आहे बरं का साहेब अजून!’’ असे म्हणत सही ठोकणारे आजोबा प्रत्येक शाखेत असतात.

त्यातले एखादे माणूस एका महिन्यात येत नसे. पुढच्या महिन्यात त्याच्या सहीची पैसे काढायची स्लिप घेऊन मुलगा येई. चौकशी केली की कळे, ‘‘बाथरूममध्ये पडले. तसं काही झालं नाही, पण आता बाहेर पाठवत नाही आम्ही.’’ नंतर खात्यात मुलाचे नाव जोडण्याचा अर्ज येई. मग ‘दोघांपैकी कोणीही’ अशी सूचना होई. मग चेकबुक मुलाकडे राही. यात मुलाची लबाडी होती असे मी मुळीच म्हणत नाही. बहुतेक मुले सज्जन होती आणि सोय पाहत होती. पण मी कागदांवरून जे पाहत होतो ते असे, की एक माणूस ओल्या फरशीवर घसरला आणि वर्षभरात त्याचे घरातले व्यवहारी स्थान गेले. किती पैसे काढायचे, कोणाला द्यायचे, नातीच्या वाढदिवसाला पाकिटात किती घालायचे, हे ठरवणारा माणूस आता सही करणारा उरला. पायाला मुका मार लागला होता, हाताचा अधिकार गेला.

आता तर बँकेत जावेच लागत नाही. हयातीचा दाखला २०१४ पासून घरबसल्या डिजिटल देता येतो, आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही चालते. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी ही फार मोठी सोय आहे आणि ती व्हायलाच हवी होती. पण जो चालू शकतो त्याचे बाहेर पडण्याचे एक निमित्त त्यात गेले. म्हातारपणी माणूस निमित्तांवर चालतो. दूध, पेपर, पासबुक, देऊळ, कट्टा. एकेक निमित्त काढून घेतले, की पाय आपोआप थांबतात.

आणि ही निमित्ते काढून घेतो कोण? बहुतेक वेळा प्रेमच. ‘‘आई, तू बस, मी आणते.’’ ‘‘बाबा, उठू नका, मी दार उघडतो.’’ ‘‘कशाला हवीत ती फुलं, मी सोसायटीच्या माळ्याला सांगते.’’ यातले एकही वाक्य दुष्टपणाचे नाही. सून नोकरी करून थकून येते. सासूबाई पुन्हा पडल्या तर रजा कुणी काढायची, दवाखान्याचा खर्च कुठून आणायचा, या प्रश्नांनी तिची झोप उडालेली असते. धसका तिनेही घेतलेला असतो. घरातल्या सगळ्यांचा धसका मिळून मग एका माणसाला खुर्चीत बसवतो. बाईच्या बाबतीत तर हे आणखी जिव्हारी लागते. जिने चाळीस वर्षे स्वयंपाकघर चालवले तिला ‘‘ओट्याकडे येऊ नका’’ असे सांगणे म्हणजे तिचे संस्थान खालसा करणे आहे. तिला विश्रांती दिली असे आपल्याला वाटते. तिला घरात आपले काही काम उरले नाही असे वाटते.

म्हणूनच म्हातारी माणसे पडल्याचे लपवतात. दंडावरचा काळानिळा डाग पदराखाली जातो. ‘‘कपाट लागलं’’ असे सांगितले जाते. याला आपण हट्ट म्हणतो, विसराळूपणा म्हणतो. मला तो पक्का हिशेब वाटतो. सांगितले तर काय मिळणार? बोलणी आणि बंदी. न सांगितले तर उद्याची फेरी शाबूत. सिडनीतच ७५ वर्षांपुढच्या १९४ स्त्रियांना विचारून केलेला एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला होता. खुब्याचे हाड मोडून कायमचे शुश्रूषागृहात राहावे लागण्यापेक्षा मरण बरे, असे त्यांतल्या ८० टक्के स्त्रियांनी सांगितले. आपल्याकडे शुश्रूषागृहाऐवजी बहुधा आतली खोली असते, एवढाच फरक. ‘‘चालता-फिरता डोळे मिटावेत’’ ही आपल्या आज्या-पणज्यांची प्रार्थना याच जातीची आहे. भय हाड मोडण्याचे कमी असते, दुसऱ्याच्या हाती जाण्याचे जास्त असते.

इथे मला पुन्हा बँक आठवते. संध्याकाळी रोकड जुळली नाही, की शाखेत दोन तऱ्हेचे अधिकारी दिसत. एक कॅशियरवर ओरडे, ‘‘कशाला घाई केलीत?’’ दुसरा खुर्ची ओढून शेजारी बसे आणि विचारी, ‘‘फरक कसा आला, बघू या.’’ पहिल्याच्या शाखेत छोटे फरक कधीच वर येत नसत. कॅशियर खिशातून पन्नास रुपये घालून गप्प बसे, आणि एक दिवस मोठा घोळ उघडकीला येई. दुसऱ्याच्या शाखेत रोज काही ना काही निघे आणि तिथेच मिटे.

घरातही ‘कशाला’ आणि ‘कसे’ यांत असाच फरक आहे. ‘‘कशाला गेला होतात तिकडे?’’ हा आरोप आहे. ‘‘कसे पडलात, सांगा बरं,’’ ही चौकशी आहे, आणि तिच्यातून कामाची माहिती निघते. रात्री लघवीला उठताना पडले? मग दिव्याचे बटण पलंगापासून लांब आहे. बसल्याचे उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली? मग रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारले पाहिजे. दाराची बेल वाजली म्हणून घाईत उठले? मग बेल वाजवणाऱ्यांना थोडे थांबायला सांगितले पाहिजे. पायपुसण्यावरून घसरले, उंबरठ्याला अडखळले, नव्या चकचकीत टाइल्सवर सांडलेले पाणी दिसले नाही, स्लिपरचा अंगठा सैल होता, मोतीबिंदू पिकला होता, या सगळ्यांवर इलाज आहे. न्हाणीघरात भिंतीला पक्की दांडी बसवायला सुतार-प्लंबर यांचा एक दिवस लागतो. पण पडलेल्या माणसाने तोंड उघडले तरच हे सुचणार.

माणसाचा धसका मात्र दांडीने जात नाही. ‘‘घाबरू नका’’ असे म्हटल्यानेही जात नाही. आमच्याकडचे फुटपाथ पाहता ती भीती अगदीच खोटी आहे असे कोण म्हणेल? उखडलेले पेव्हर ब्लॉक, झाकण नसलेली गटारे, उलट्या बाजूने येणाऱ्या दुचाक्या, एसटीची उंच पायरी, लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीतले झिजलेले जिने, हे सारे रोजचे आहे. तेव्हा पालिकांनी चालणाऱ्यांसाठी सलग, सपाट फुटपाथ करणे हे म्हाताऱ्यांच्या मनावरचे औषध आहे, आणि ज्येष्ठ नागरिक संघांनी सहलींच्या जोडीने त्यासाठीही आवाज उठवला पाहिजे. घरापुरते बोलायचे तर धसक्याला उतारा एकच. जे करायची भीती वाटते ते थोडे थोडे, सोबतीने, पुन्हा करून पाहणे.

यालाही आधार आहे. अमेरिकेत अटलांटा येथे १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ‘ताई ची’ या संथ चिनी व्यायामाने वृद्धांचे पडणे कमी झाले आणि पडण्याची भीतीही कमी झाली असे दिसले. आपल्याकडे प्रत्येक गावात ताई ची शिकवणारा मिळणार नाही, पण तोल आणि पायांची ताकद वाढवणारे व्यायाम फिजिओथेरपिस्ट शिकवतात. ओट्याला धरून टाचा उचलणे, खुर्चीतून हातांचा आधार न घेता उठणे-बसणे, असे ते साधे व्यायाम असतात. तब्येत दाखवून, कोणीतरी जवळ असताना ते सुरू करावेत. दहा दिवसांत माणूस बदलत नाही. दोन-तीन महिन्यांनी पायांचा भरवसा परत येऊ लागतो, आणि पायांमागून मनाचा.

आणखी एक गोष्ट फार थोडी घरे शिकतात, ती म्हणजे पडल्यावर उठायचे कसे. डॉ. टिनेटी यांच्याच १९९३ च्या एका अभ्यासात, पडून इजा न झालेल्यांपैकीही जवळजवळ निम्म्यांना, ४७ टक्क्यांना, निदान एकदा तरी मदतीशिवाय उठता आले नव्हते. धसका पडण्यात असतो त्याहून जमिनीवर हाका मारीत पडून राहण्यात अधिक असतो. ज्या माणसाला उठता येते त्याची निम्मी भीती तिथेच संपते. इजा नसेल, तर आधी घटकाभर शांत राहायचे, कुशीवर वळायचे, मग हात आणि गुडघे टेकून जवळच्या भक्कम खुर्चीपर्यंत जायचे आणि तिला धरून एक पाय रोवून उठायचे. फिजिओथेरपिस्टकडून हे एकदा करवून घ्यावे. खुब्यात किंवा पाठीत तीव्र कळ असेल तर मात्र उठण्याची घाई न करता मदतीची वाट पाहायची, आणि त्यासाठी मोबाइल उशाशी न ठेवता अंगावर ठेवायचा.

उदासी हा निराळा मुद्दा आहे. पडल्यानंतर जेवण तुटले, झोप उडाली, आवडती मालिकाही पाहवेना, ‘‘आता माझं काय काम?’’ हे पालुपद सुरू झाले, तर ‘‘वयच आहे’’ म्हणून सोडून देऊ नये. हा आजार असू शकतो, त्यावर उपचार आहेत, आणि हाडाच्या डॉक्टरकडे ज्या सहजतेने जातो त्याच सहजतेने मनाच्या डॉक्टरकडे जावे.

माझ्या वयाच्या मंडळींनाही चार शब्द सांगायचे आहेत. काठी घ्यायची लाज वाटून घरात बसण्यात काही पुरुषार्थ नाही. चष्मा लावताना आपण लाजलो नाही, मग काठीनेच काय पाप केले? आणि पडलो तर सांगावे. आपण लपवले, की मुलांचा आपल्या शब्दावरचा विश्वास जातो आणि मग त्यांचा पहारा वाढतो. पहारा नको असेल तर खबर आपणच दिली पाहिजे.

मुलांना इतकेच सांगेन, की आई-वडिलांना फिरायला नेताना त्यांचा दंड धरू नका, आपला हात पुढे करा आणि तो त्यांना धरू द्या. दंड धरला, की चालवणारे तुम्ही होता; त्यांनी तुमचा हात धरला, की चालणारे तेच राहतात, आणि तोल गेलाच तर पकड त्यांच्या मर्जीची असते. पहिल्या दिवशी फाटकापर्यंत जा. दुसऱ्या आठवड्यात कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत. पैसे त्यांच्याच खिशातून देऊ द्या आणि सुटे मोजायला वेळ लागला तर मागच्या गिऱ्हाईकाला थांबू द्या.